सिबिलची वही आणि आपले नाव

जामसंड्याहून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. या ताई हंगामात आंब्याच्या बागेत पेट्या भरण्याच्या कामाला जातात. त्यांचे पती देवगड बंदरात ट्रॉलरवर खलाशी आहेत. मुलगी बारावी सायन्स चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिला परजिल्ह्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी, वसतिगृह, गणवेश, पुस्तके यांचा मेळ बसेना म्हणून दोघे शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेले. साहेबांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, “तुमच्या मिस्टरांचे सिबिल खराब आहे, कर्ज बसणार नाही.” ताई लिहितात, “आम्ही गरीब आहोत, पण बुडवे नाही. आजवर दुकानदाराची उधारी ठेवली नाही. मग हे सिबिल कोणी खराब केले? आणि ते असते कोठे?”

असाच प्रश्न आम्हाला गेल्या वर्षभरात कितीतरी वाचकांनी विचारला आहे. कोणाला रिक्षासाठी कर्ज हवे होते, कोणाला घराची कौले काढून स्लॅब घालायचा होता. सर्वांना उत्तर एकच मिळाले, सिबिल. म्हणून आज हा विषय सविस्तर घेत आहोत. मुलांकडून हे पान घरात मोठ्याने वाचून घ्यावे.

सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी समितीच्या शिफारशीनंतर २००० साली मुंबईत ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी निघाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचे मिळून सिबिल झाले. आज ती ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने चालते. २००४ पासून तिने सामान्य कर्जदारांच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली आणि २००७ पासून त्या नोंदींवरून प्रत्येकाला गुण देऊ लागली. तेव्हा ते गुण फक्त बँका पाहू शकत. सामान्य माणसाला स्वतःचे गुण पाहण्याची सोय झाली ती २०११ मध्ये. याच कामाच्या आणखी तीन कंपन्या आहेत: इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. पण चहाच्या पत्तीला जसे एकाच कंपनीच्या नावाने ओळखावे, तसे लोक सगळ्यांनाच सिबिल म्हणतात. आम्हीही येथे तसेच म्हणू.

बँका, सहकारी बँका, वाहनासाठी व मोबाईलसाठी कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या, गटातील महिलांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या या सर्वांनी आपल्या कर्जदारांची माहिती या चारही कंपन्यांकडे पाठवावी असा नियम आहे. कोणी किती कर्ज घेतले, हप्ता कोणत्या तारखेला भरला, किती दिवस उशीर झाला, कर्ज फिटले की राहिले, सगळे जाते. १ जानेवारी २०२५ पासून तर निदान पंधरा दिवसांतून एकदा पाठवण्याचा नियम झाला. या नोंदींवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. ७५० च्या पुढे असला की बँका खुशीने कर्ज देतात. खाली जाऊ लागला की व्याज चढते किंवा दार बंद होते. अमुक आकड्याखाली कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा मात्र नियम नाही. ती रेषा प्रत्येक बँक आपली आपण ओढते.

व्याजातला फरक किरकोळ समजू नये. उदाहरण म्हणून दहा लाखांचे घरकर्ज पंधरा वर्षांसाठी धरा. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ९,८५० रुपये बसतो, दहा टक्क्यांनी सुमारे १०,७५०. महिन्याला नऊशे रुपये जास्त. पंधरा वर्षांत एक लाख साठ हजारांच्या वर. घर तेच, विटा त्याच.

आता हा आकडा कशावरून निघतो ते पाहू. कंपनी आपले नेमके गणित सांगत नाही, पण काय मोजले जाते ते माहीत आहे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हप्ते वेळेवर भरले की नाही. त्यानंतर, क्रेडिट कार्ड असेल तर त्याच्या मर्यादेपैकी किती वापरले जाते. कर्जाचा व्यवहार किती वर्षांचा आहे. तारण असलेले कर्ज किती आणि बिनतारणी किती. आणि अलीकडे कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले. एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकला तर पाचही जण तुमची नोंद उघडतात, त्या पाच चौकश्या तेथे लिहिल्या जातात, आणि सहाव्याला वाटते हा माणूस अडचणीत दिसतो.

जे मोजले जात नाही तेही समजून घ्यावे. पगार मोजला जात नाही. आठ हजार कमावणाऱ्या सफाई कामगाराचे गुण ऐंशी हजारवाल्यापेक्षा जास्त असू शकतात. जात, धर्म, आडनाव, वाडी मोजली जात नाही. गावातली भिशी, सावकाराचे देणे, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने यांचीही तेथे नोंद नसते.

येथे आम्ही थोडे थांबतो. पूर्वी कर्ज मिळणे हे बँकेच्या साहेबाच्या नजरेवर असे. कोणाचा मुलगा, कोणत्या वाडीतला, ओळख कोणाची, हे पाहून अर्ज पुढे सरके किंवा कपाटात पडून राही. आमच्या किती वडिलांचे अर्ज त्या कपाटात पडले हे वाचकांना सांगायला नको. त्या मानाने आकडा बरा, तो आडनाव विचारत नाही. पण तो दुसरे काही विचारतो: यापूर्वी तुला कोणी कर्ज दिले होते का? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बँकेने दारात उभे केले नाही त्यांच्यापाशी याचे उत्तर काय असणार? त्यांची नोंदच नसते. संगणकात त्यांच्या नावापुढे उणे एक किंवा ‘एनएच’ अशी खूण दिसते, म्हणजे इतिहास नाही. ही खूण म्हणजे खराब सिबिल नव्हे. पण काउंटरवर कित्येकदा दोन्ही एकाच मापाने मोजतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत स्पष्ट केले की, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ त्याचा कर्ज-इतिहास नाही म्हणून फेटाळू नये असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्या आमच्या तरुणांनी हे वाक्य लक्षात ठेवावे आणि गरज पडल्यास साहेबांपुढे सभ्यपणे ठेवावे.

जामसंड्याच्या ताईंकडे परत येऊ. आम्ही त्यांना कळवले की आधी पतीच्या नावाचा अहवाल काढा. शेजारच्या एका विद्यार्थिनीने तो मोबाईलवर काढून दिला. त्यात दोन कर्जे निघाली. एक मच्छीमार मित्राच्या इंजिनासाठी राहिलेल्या जामीनकीचे. मित्राचे हप्ते मागेपुढे झाले होते, पण कर्ज फिटत आले होते. दुसरे मात्र घात करणारे होते. पाच वर्षांपूर्वी मोबाईल घेतला, अठरा हजारांचा, ‘शून्य टक्के व्याज, बारा हप्ते’ या बोलीवर. महिना पंधराशे. नऊ हप्ते गेले आणि मोबाईल बंद पडला. दुकानदार दुरुस्त करून देईना. तेव्हा पतीने विचार केला तो आमच्या किनाऱ्यावर घरोघरी केला जातो: “मोबाईलच बिघाडलो, मगे हप्तो कित्याक भरूचो?” आणि त्यांनी खात्यात पैसे ठेवणे बंद केले. काही महिने फोन आले, नंतर तेही थांबले. घरात सर्वांना वाटले, विषय मिटला.

येथेच फसगत होते. दुकानातून मोबाईल मिळाला तरी पैसे दुकानदाराने दिलेले नसतात. फायनान्स कंपनीने आपल्या नावावर कर्ज काढून ते दुकानदाराला चुकते केलेले असतात. दुकानदाराशी भांडण असेल तर ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्याचा हक्क आपल्याला आहे, पण त्या भांडणाने कर्ज थांबत नाही. ‘शून्य टक्के’ असले तरी ते कर्जच, आणि त्याची नोंद घरकर्जासारखीच होते. तीन हप्त्यांचे साडेचार हजार राहिले होते. दंड आणि शुल्क चढून अहवालात सात हजारांच्या वर थकबाकी दिसत होती आणि खात्यापुढे शेरा होता ‘राइट ऑफ’.

या शेऱ्याचा अर्थ नीट समजावा, कारण पुष्कळ लोक याला कर्जमाफी समजतात. राइट ऑफ म्हणजे कंपनीने आपल्या हिशेबाच्या वहीत ही रक्कम वसूल होण्याची आशा सोडली. आपल्यावरचे देणे तसेच राहते आणि नावापुढे तो काळा ठिपका वर्षानुवर्षे दिसतो. या कंपन्यांनी नोंदी निदान सात वर्षे जपून ठेवाव्यात असा नियम आहे. दुसरा फसवा शब्द ‘सेटल्ड’. वसुलीवाला म्हणतो, सात हजार आहेत, तीन हजार द्या, मिटवून टाकू. आपण खूश होतो. पण अहवालात ‘पूर्ण फेडले’ असे येत नाही, ‘तडजोड केली’ असे येते, आणि पुढचा बँकवाला त्याचा अर्थ ‘याने पूर्ण दिले नाही’ असाच घेतो. ऐपत असेल तर पूर्ण भरावे, भरण्यापूर्वी रक्कम लेखी मागावी, आणि भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन तो आधार कार्डाच्या पिशवीत ठेवावा. ताईंनी तसेच केले. गुण एका रात्रीत वर येत नाहीत, ते त्यांनाही सांगितले. पण ताईंच्या स्वतःच्या नावाचा अहवाल काढला तर तो स्वच्छ होता, बचतगटाचे कर्ज त्यांनी चोख फेडले होते. बँकेने आता वडिलांऐवजी आईला सहकर्जदार धरून अर्ज पुन्हा घेतला आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.

शैक्षणिक कर्जाबाबत दोन गोष्टी. केरळ उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात म्हटले की, केवळ सिबिल कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, कारण विद्यार्थी हे उद्याचे राष्ट्र घडवणारे आहेत. तो निकाल केरळचा असला तरी अर्जासोबत त्याचा उल्लेख करण्यास हरकत नाही. दुसरे, कर्जाच्या आधी शिष्यवृत्ती पाहावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, फी माफीची सवलत आहे, वसतिगृह न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. महाडीबीटीवर अर्ज भरण्याची तारीख चुकवून मग बँकेत रांग लावणारे पालक आम्ही दर वर्षी पाहतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा.

गोष्ट मुलामुलींच्या नोकरीपर्यंतही जाते. बँक भरतीच्या जाहिरातींत उमेदवाराचा कर्जव्यवहार चांगला असावा अशी अट असते. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेची बाजू उचलून धरली. परीक्षा, मुलाखत पार केलेल्या एका उमेदवाराची नेमणूक जुन्या थकबाकीमुळे रद्द झाली होती, ती रद्दच राहिली. आमची मुले रात्रंदिवस अभ्यास करून बँकेच्या परीक्षा देतात. त्याच मुलांच्या मोबाईलवर दोन मिनिटांत पाच हजार देणारी ॲप असतात. पालकांनी मुलांशी या विषयावर बोलावे, ओरडू नये, पण बोलावे.

आता आमच्या किनारपट्टीची खरी अडचण. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो, पण आमची कमाई दर महिन्याला येत नाही. आंब्याचे काम मार्च ते मे. मासेमारी पावसाळ्यात बंद. जून ते ऑगस्ट या महिन्यांत जामसंडे, देवगड, मालवण, सगळीकडे कष्टकऱ्याच्या घरात पैसा नसतो, आणि त्याच महिन्यांत शाळेचा खर्च, घराची गळती, आजारपण. हप्ते चुकतात ते बहुतेक याच दिवसांत. बँकेच्या संगणकाला पाऊस कळत नाही. एक हप्ता लांबला की नोंद होते, नव्वद दिवस लांबला की खाते बुडीत वर्गात जाते. म्हणून ज्याच्या नावावर हप्ता आहे त्याने आंब्याच्या हंगामातील मजुरीतून पावसाळ्याचे तीन हप्ते त्याच बचत खात्यात आधी बाजूला ठेवावेत. सांगणे सोपे आहे, ठेवणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. जमणार नसेल तर हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत लेखी अर्ज द्यावा, हप्त्यांची मुदत वाढवून मागावी. चुकल्यानंतर गेलेल्या माणसाशी साहेब वेगळ्या आवाजात बोलतो.

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बजावले की पीककर्जासाठी शेतकऱ्याकडे सिबिल मागू नये, मागितल्यास गुन्हा दाखल करू. शेतकऱ्यांच्या दृष्टीने चांगलेच. पण पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. कलमे ज्यांच्या नावावर आहेत त्यांना ते मिळणार, कलमांवर चढून आंबे उतरवणाऱ्याला नाही. त्याला सिबिल आहेच. डॉ. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच कोकणातील कुळांसाठी. खोताच्या वहीत आपल्या नावावर किती बाकी लिहिली आहे हे कुळाला वाचता येत नसे. आजच्या वहीत आणि त्या वहीत एक मोठा फरक आहे: २००५ च्या कायद्याने आपल्या नावाचे पान पाहण्याचा आणि चूक असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. तो बजावणारे मात्र थोडे.

महिलांच्या कर्जाबद्दलही सांगणे आवश्यक आहे. गटाने घेतलेले कर्ज गटाचे, आपले काय, असे भगिनी समजतात. मायक्रोफायनान्सच्या गटात प्रत्येकीच्या नावावर स्वतंत्र कर्ज असते व स्वतंत्र नोंद होते. बचतगटांच्या सभासदांची माहितीही पाठवावी असे रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सांगितले. शेजारणीसाठी म्हणून आपल्या नावावर कर्ज उचलून तिला देणे हे आमच्या वाड्यांत सर्रास चालते. मायेपोटी चालते. पण तिचा हप्ता चुकला तर नाव आपले जाते. मायक्रोफायनान्सबाबत मार्च २०२२ चे नियम असे आहेत: घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीवाल्याने सकाळी नऊपूर्वी व संध्याकाळी सहानंतर दारात येऊ नये, फोनही करू नये. रात्री आठ वाजता अंगणात बसून राहणाऱ्याला हे ऐकवावे.

तसेच मंडळाच्या कामासाठी, विहाराच्या शेडसाठी, जयंतीच्या मंडपासाठी कोणीही स्वतःच्या नावावर कर्ज काढू नये. कार्यकर्ता उत्साहाने काढतो, वर्गणी कमी पडते, आणि मग त्याच्या मुलीच्या शिक्षणाच्या वेळी बँक त्याला परत पाठवते. मुंबईच्या चाकरमान्यांसाठी एकच सांगू. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान रक्कम’ लिहिलेली असते, तेवढी भरली की सिबिल वाचते, खिसा वाचत नाही. काही कार्डांवर उरलेल्या रकमेला महिना साडेतीन टक्के लागतात, म्हणजे वर्षाचे बेचाळीस.

स्वतःचा अहवाल कसा पाहावा? चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा गुणांसह पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. म्हणजे चार मोफत अहवाल. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा काढला तर वर्षभर लक्ष राहते. कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर जावे, पॅन कार्ड व आपल्या नावाचा मोबाईल जवळ ठेवावा, ओटीपी दुसऱ्या कोणाला सांगू नये. स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. पाहताना आधी नाव, जन्मतारीख, पॅन आपलाच आहे का ते बघावे. एकाच नावाची माणसे आमच्यात पुष्कळ, दुसऱ्याचे कर्ज आपल्या पानावर चढल्याची उदाहरणे आहेत. मग प्रत्येक कर्ज ओळखीचे आहे का ते पाहावे. न घेतलेले कर्ज दिसले तर ताबडतोब त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करावी व तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

तालुक्याच्या बाजारात ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ अशा पाट्या दिसतात. दोन-पाच हजार घेतात. खरी असलेली नोंद कोणी एजंट पुसू शकत नाही, आणि खोटी असलेली पुसायला पैसे लागत नाहीत. तक्रार तीस दिवसांत निकाली काढायची असते. ती लांबली तर २०२४ च्या एप्रिल अखेरीपासून दर दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला देण्याचा नियम लागू आहे. तेवढ्यानेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, १ सप्टेंबर २०२२ पासून सिबिलसारख्या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. तेथे वकील लागत नाही, फी नाही, अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. सोबत अहवालाची प्रत, हप्ते भरल्याच्या पावत्या आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक जोडावा.